अंगवळणी

कारा-बुलुनच्या बायकांच्या उजव्या तळहातावर
एक रेघ जास्त होती.
करंगळीच्या मुळापासून अंगठ्याच्या खोबणीपर्यंत,
आडवी, जांभळट, हिवाळ्यात उलणारी.
म्हातारी बुरुल्चा हात बघायची, भविष्य सांगायची,
तिने या रेघेला नावही दिलं होतं : पाण्याची रेघ.
ही असली की बाई सासरी टिकते, म्हणायची.

रेघ बादलीच्या कडीची होती.

नदी घरांपासून एकशे चाळीस पावलं खाली.
जानेवारीत कुऱ्हाडीने बर्फ फोडायचा,
दोन बादल्या भरायच्या आणि चढ चढायचा.
कडी लोखंडी, सुतळीएवढीच जाड.
उणे तीसला ती हाताला चिकटते,
आणि सोडताना
थोडं कातडं ठेवून घेते.

गरज ही शोधाची आई, असं म्हणतात.
गरज तर घरोघरी होती.
सत्तर चुली, शंभरावर तळहात,
पणजीपासून चालत आलेली गरज.
आईला मूल नव्हतं, एवढंच.

ऐझिरेक लग्न होऊन खालच्या गावाहून आली,
तिथे नळ होता.
तिला ती रेघ वाचता येईना.
तिला नुसतं दुखलं.

पहिल्या हिवाळ्यात तिने कडीला नमदा गुंडाळला.
भिजला, गोठला, त्याचा दगड झाला.
दुसऱ्या हिवाळ्यात जुन्या लगामाचं चामडं.
ते निसटलं, बादली पायावर, अंगठा मोडला.
मग मेंढीच्या पायाचं हाड, आतून कोरून.
मुठीत काय सुरेख बसायचं!
अकरा दिवस.
सासू तोक्तोबुबू शेजारणीला ऐकू जाईल अशी म्हणाली,
"लोक तळहाताचा फोड जपतात,
आमची महाराणी तळहातच जपते."

बंद पडलेल्या सामूहिक शेताच्या आवारात
एक ट्रॅक्टर गंजत होता.
त्याची फाटकी रबरी नळी
तिने वीतभर कापली,
लांबीत चीर दिली,
कडीवर चढवली.
झालं.

यात सांगण्यासारखं फार नाही, हे मलाही कळतं.

शरद सरेपर्यंत ट्रॅक्टरला एकही नळी उरली नाही.
तोक्तोबुबूनेही लावली, रात्री, दिवा मालवून.
आणि दोन वर्षांनी विचाराल तर
जो तो सांगे, आमच्याकडे हे असंच असतं पूर्वीपासून.

तरी नारिनहून एक साहेब आले, मिर्लान नावाचे,
छापील अर्ज घेऊन.
"कल्पना कशी सुचली?"
"सुचली नाही. दुखत होतं."
रकाना मोठा होता, उत्तर त्यात हरवलं.
साहेबांनी आपलं लिहिलं : सूक्ष्म निरीक्षणातून.
मग पेन मिटून, खरंच कुतूहलाने, विचारलं,
"पण दुखत तर सगळ्यांनाच होतं ना?"
ऐझिरेक बराच वेळ गप्प.
चहावर साय धरली.
"त्यांच्या अंगवळणी पडलं होतं.
माझ्या पडेना.
त्या बाबतीत मी जरा मंद आहे."

मुलगी नुर्जामाल आता अकराची,
दोन्ही बादल्या एका दमात वर आणते.
तिचा हात बघून बुरुल्चा काळजीत पडली.
पाण्याची रेघच नाही,
पोरीचं पुढे कसं व्हायचं?

हल्ली ऐझिरेकचे गुडघे दुखतात.
एकशे चाळीस पावलं, दिवसातून सहादा.
गावाच्या वर, जुनिपरच्या झुडपांत, एक झरा आहे,
तो सगळ्यांना माहीत आहे.
गेल्या वर्षी तिने तिथून नळ टाकला, दोन कोकरं विकून.
डिसेंबरात तो या टोकापासून त्या टोकापर्यंत फुटला.
गावाला ते हसू वसंतापर्यंत पुरलं.

आज सकाळी ती पुन्हा उतारावर होती,
हातात पहार.
थंडी जमिनीत किती खोल उतरते, बघत होती.
एक हात. माती वाजते.
दीड हात. अजून वाजते.
कुंपणावरून दीर ओरडला, "खजिना लागला की सांग!"
दोन हात.
नुर्जामाल खड्ड्यात दोरी सोडते,
तिला गाठ मारते,
आणि ऐझिरेक पुन्हा पहार उचलते.